त्या सकाळी नुसता चहा

तात्यांनी विचारलं आणि मी मान हलवली. ती खोटी हलवली. एवढीच गोष्ट आहे, पण ती मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. आईला सांगायचं राहिलं आणि ती गेली. बायकोला वाटतं, मला भजी आवडत नाहीत म्हणून मी ती ताटातून बाजूला काढतो. माझ्या त्या एका मान हलवण्यानं सुमनमावशीचं हॉटेल उठलं, आणि ते खोटं होतं हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि तिला. मी बोललो नाही, ती पुन्हा वाडीत आली नाही. आता पन्नाशी उलटून गेली, तेव्हा लिहून काढतोय. मी लहान होतो असं म्हणून सुटता येणार नाही. अकरावीत होतो, मिसरूड फुटलं होतं.

आमची वाडी बारामतीहून इंदापूरकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. वडील मला आठवतही नाहीत. घर चालायचं ते थोरल्या चुलत्यांच्या, तात्यांच्या शब्दावर. तात्या दूध सोसायटीचे चेअरमन. त्यामुळं आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान होता तो दुधाला. पहाटे आई धार काढायला बसली की चरवीत पडणाऱ्या दुधाचा आवाज आधी पातळ, टिणटिण यायचा आणि चरवी भरत आली की जाड, घुमा होत जायचा. अंथरुणात पडल्या पडल्या मी नुसत्या आवाजावरनं ओळखायचो की अजून किती वेळ लोळता येईल. मग कॅन सायकलला अडकवून डेअरीवर जायचं काम माझं. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर चाललेले असायचे, त्यांच्या ट्रॉल्यांतनं पाचट उडून तोंडावर यायचं. डेअरीवर रांग. आपली पाळी आली की दूध मोजायचं, फॅट तपासायला नळीत थोडं काढून द्यायचं आणि बाकीचं मोठ्या टाकीत ओतायचं. सगळ्यांचं दूध त्या एकाच टाकीत. आमच्या म्हशीचं, पाटलांच्या जर्सीचं, बौद्धवाड्यातल्या दोन घरांचं. ओतलं की पांढरा फेस यायचा, आणि त्यात कुणाचं कुठलं हे कुणी विचारत नसे.

त्या डेअरीच्या भिंतीला टेकून पत्र्याचं एक छप्पर होतं. पुढं दोन बाकडी, आत रॉकेलचा स्टोव्ह, एक मोठी कढई, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिला रोज एक ताजं फूल. बोर्ड नव्हता. सगळे त्याला सुमनचं हॉटेल म्हणायचे. सुमनमावशी बौद्धवाड्यातली, नवरा वारल्यावर तिनं हे सुरू केलं होतं. वाडीतली माणसं तिथं चहा प्यायची. ग्लास हातात घेऊन डेअरीच्या ओट्यावर यायची, उसाच्या तोडीच्या गप्पा मारत उभ्यानं प्यायची. खात मात्र कुणी नसे. तसा नियम कुणी केलेला नव्हता, कुणी तसं बोलतही नसे. चहा म्हणजे दूध आणि दूध म्हणजे सोसायटी, असं काहीतरी मनात धरलेलं असावं. पोहे मात्र तिच्या हातचे. ते खायचे उसाच्या गाड्यांचे ड्रायव्हर, बाहेरगावची माणसं. आज मी याला त्याच्या नावानं ओळखतो. तेव्हा मला तो अन्याय वगैरे वाटला नाही, खरं सांगतो. मला फक्त ते कळायचं नाही, आणि न कळलेलं मला कधी स्वस्थ बसू देत नसे.

त्यात तिच्या फोडणीचा वास. आमच्या घरी न्याहारी म्हणजे भाकरी, लसणाचा ठेचा आणि दूध. पोहे व्हायचे ते पाहुणे आले तर, आणि तेही मऊ, एकमेकांना चिकटलेले. इथं रांगेत उभं राहिलं की मोहरी तडतडल्याचा आवाज यायचा, त्यामागून कांद्याचा वास, मग एक कसलातरी तिखट, ओला वास जो मला ओळखता येत नसे. महिनाभर मी तो नुसता हुंगला. एके दिवशी कॅन रिकामा झाल्यावर पाय आपोआप छपराकडं वळले. दारात उभा राहून मी परातीतल्या पोह्यांकडं बघत राहिलो.

"तात्यांचा पुतण्या ना रं तू?" मावशीनं विचारलं.

"व्हय."

"मग वाट चुकलास का?"

"न्हाय. ते पोहे... असे मोकळे कशानं हुत्यात?"

ती हसली. "बघ की, ड्रायव्हर लोकं कधी इचारत न्हाईत, नुसते गिळत्यात. तुमच्यात भिजत घालत असत्याल. मी भिजत घालत न्हाय. चाळणीत घ्यायचे, वरनं पाण्याचा हात फिरवायचा, झालं. खाऊन बघणार का नुसतं बघणार?"

मी मागं वळून ओट्याकडं बघितलं. तिनंही बघितलं. मग तिनं स्टोव्हच्या मागं, गोणपाटाच्या पडद्याआड एक पोतं अंथरलं आणि म्हणाली, "बस तितं."

जर्मनची ताटली होती, काठाला पोचे पडलेली. तिनं पोह्यांचा ढीग घातला, डावाच्या बुडानं मधोमध खड्डा केला आणि त्या खड्ड्यात मटकीचा लाल कट ओतला. तोच तो मला न ओळखता आलेला वास. वर कच्चा कांदा, मूठभर शेव. मी मधेच चमचा घालायला गेलो तर तिनं मनगट धरलं. "मधनं न्हाय. कडंनं ये. मधनं खाल्लं की सगळं भिजतंय आन् मग घरच्यासारखंच लागतंय." मी कडेनं खात मधे आलो. प्रत्येक घास आधीच्यापेक्षा ओला आणि तिखट होत गेला, आणि शेवटचा घास खाताना माझ्या डोळ्यांतनं पाणी येत होतं. पैसे विचारायचंही मला सुचलं नाही. तिनंच विचारलं, "घरी कढीपत्ता हाय का?" आमच्या विहिरीवर मोठं झाड होतं. "मग उद्या एक डहाळी आण. हितं मिळतो तो वाळका." तेव्हापासून रोज सकाळी सायकलला एका बाजूला दुधाचा कॅन आणि दुसऱ्या बाजूला कढीपत्त्याची डहाळी.

असे तीनेक महिने गेले. तिथलं खाऊन घरी आलं की आईची भाकरी टोपल्याखाली वाट बघत असायची, आणि संशय नको म्हणून मी तीही सगळी खायचो. रोज दोन न्याहाऱ्या. आई जावेला कौतुकानं सांगायची, पोरगं आता अंगाला लागलं. विहिरीवरचं झाड एका बाजूनं भुंडं होत चाललं होतं, त्याला ती कीड म्हणायची आणि बुंध्याशी राख टाकायची. मावशीकडं मी खाण्यापेक्षा विचारायचोच जास्त. मटकीला मोड किती यायला पाहिजेत, शिऱ्यात पाणी आधी का तूप आधी, भज्यांचं पीठ भिजवल्यावर हात का झटकायचा. ती सगळं सांगायची. तिची मुलगी रेखा, पाचवी-सहावीतली, बाकड्यावर दप्तर पसरून बसलेली असायची. एकदा तिनं माझ्यासमोरच विचारलं, "आई, ह्यो रोज आतच का बसतोय गं?"

"त्याला ऊन सोसत न्हाय."

"सकाळी सात वाजता?"

"तू पाढं म्हण."

मी ताटलीत तोंड घातलं. पडदा माझ्यासाठी होता, पण लावला होता तो तिनं. हे मला खाताना कळत होतं आणि तरी मी खात होतो.

उन्हाळा लागायच्या सुमारास आमची थोरली म्हैस व्याली. आमच्या घरची एक रीत होती, आमच्याच घरची, शेजारी ती नव्हती. पहिल्या चिकाचा खरवस केला की एक वाडगा म्हसोबाचा. तो फडताळात झाकून ठेवायचा आणि येणाऱ्या अमावास्येला बांधावरच्या म्हसोबापुढं नेऊन ठेवायचा. तोवर त्याकडं कुणी बघायचंही नाही. आई याबाबतीत फार कडक. वडील गेले त्या वर्षी तो वाटा चुकला होता असं तिनं मनाशी धरलेलं होतं. त्या वर्षी अमावास्येला सहा दिवस होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीवर गेलो. मावशीकडं पोहे संपले होते, गाड्या लवकर येऊन गेल्या होत्या. मी म्हटलं, मग भजी. तिनं कढई नाकाशी नेली.

"तेलाला वास मारतोय. नवा डबा आल्याबिगर मी घाणा टाकत न्हाय."

"मावशी, ड्रायव्हरांना चालतंय की."

"का, ड्रायव्हरास्नी पोट नसतंय व्हय? नुसता चहा घे आज." आणि चहा देताना म्हणाली, "घरी जाऊन भाकरी खा. एक दिवस आईच्या हातचं मोजकं, चवीनं खा."

घरी आलो तर आई खुरपणीला गेलेली. टोपल्याखाली भाकरी होती. पण मला भाकरी नको होती. त्या दिवशी तोंडाला काहीतरी वेगळं हवं होतं, आणि कधीपासूनचा एक प्रश्न होता: देवाच्या वाट्याची चव आपल्या वाट्यासारखीच असते का? मी फडताळ उघडलं. वाडग्यावरचं ताट सरकवलं. खरवसाला पाणी सुटलं होतं. एक चमचा घेतला. आंबूस लागला. आणि मी, आज ज्याची सगळी नोकरी दूध तपासण्यात गेली तो मी, मनाशी म्हणालो, असा लागतो होय देवाचा! मग एका बाजूला खड्डा दिसायला लागला म्हणून दुसऱ्या बाजूनं घेतला, मग सारखं करायला म्हणून आणखी. निम्म्याच्या वर संपला. उरलेला चमच्याच्या पाठीनं थापून, सपाट करून मी पुन्हा झाकून ठेवला.

दुपारी उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. दिवस कलेपर्यंत मला उभं राहता येईना. तात्यांनी जीप काढली, बारामतीला नेलं, सलाइन लागलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं. आई पायाशी उभी होती. माझे तळवे चोळत होती आणि पुटपुटत होती, म्हसोबा, वाटा ठिवलाय रं तुझा, वाटा ठिवलाय. ती हे म्हणत असताना मी काय सांगणार होतो? तेव्हा तात्या पुढं झाले.

"डेअरीवरनं कळलंय मला. रोज त्या हॉटेलात जाऊन बसतोस. आज भजी खाल्लीस न्हवं तितली?"

उत्तर त्यांनीच आणलं होतं. मला काही रचावं लागलं नाही. मी मान हलवली. आईनं डोळ्याला पदर लावला आणि मला हलकं वाटलं. हेही लिहिलं पाहिजे. त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही, हलकं वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी, दूध घालून झाल्यावर, तात्या मला डेअरीवर घेऊन गेले. ओट्यावर पंधरा-वीस माणसं थांबली होती. त्यातली निम्मी हातात मावशीचाच चहा घेऊन. तात्यांनी तिला बाहेर बोलावलं. ती ओले हात पदराला पुसत आली.

"सुमन, जागा सोसायटीची हाय. पोरं आजारी पडाया लागली तर लोकं आमालाच इचारणार. आठवड्यात मोकळं कर."

तिला आधी कळलंच नाही. मग तिनं माझ्याकडं बघितलं. "तात्या, त्या दिशी मी घाणाच टाकला न्हवता. तेल बिघडलं होतं. पोरानं नुसता चहा घेतला. हितंच उभं हाय की, त्यालाच इचारा तुमी."

तिला खात्री होती. तिच्या आवाजात भीती नव्हती, ती मला साक्षीला बोलावत होती.

"दत्ता," तात्या म्हणाले, "खाल्लीस का न्हाय?"

डेअरीतलं यंत्र घरघरत होतं. सगळे माझ्याकडं बघत होते. मी सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब मी नंतर हजार वेळा मांडला. तात्यांनी एखादी थोबाडीत मारली असती. आई चार दिवस जेवली नसती. त्यापलीकडं काही नाही. मी मान हलवली.

कुणी वावगा शब्द बोललं नाही. जातीचं नाव कुणी काढलं नाही, काढायची गरज नव्हती. तिचं म्हणणं आणि माझी मान यांत कुणाचं धरायचं हे ओट्यावरच्या माणसांना विचारावं लागलं नाही. पण ते त्यांच्या वाट्याचं. मान माझी होती. मावशी माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. मी पहिल्या दिवशी तिच्या पोह्यांकडं जसा बघत होतो तशी, हे असं कशानं होतं हे न कळलेल्या माणसासारखी. मग म्हणाली, "आता पोट बरं हाय का रं?"

मी मान हलवली. ती मात्र खरी होती.

आठवडा लागला नाही. तिसऱ्या दिवशी दूध घेऊन गेलो तर पत्रे उतरवलेले होते. ती मुलीला घेऊन इंदापूरला बहिणीकडं गेली असं कुणी म्हणालं. भिंतीवर तेलाचा आणि धुराचा डाग तेवढा राहिला. पुढं तिथं पशुखाद्याच्या गोण्या ठेवायला खोली बांधली तेव्हा तोही चुन्याखाली गेला. त्या अमावास्येला मी आईबरोबर बांधावर गेलो होतो. तिनं वाडग्यावरचं ताट काढलं, आत बघितलं आणि हात जोडले. "बघ," मला म्हणाली, "देवानं आधीच घेतलाय त्याचा वाटा. म्हणून तर वाचलास." ती जाईपर्यंत हे नातेवाइकांना सांगत होती. मी जवळ बसून ऐकत असायचो.

शिकलो, डेअरीच्या प्रयोगशाळेत लागलो. खरवस किती उष्णतेत किती तासांत बिघडतो हे आता मी झोपेतही सांगेन. दोन वर्षांपूर्वी कामानं इंदापूरला जाणं वाढलं. एका सकाळी स्टँडच्या पाठीमागच्या बोळात एक नाष्टा सेंटर दिसलं. स्टीलची टेबलं, पंखे, कॉलेजच्या पोरापोरींची गर्दी, दारात पैसे भरायचा कोड चिकटवलेला. मी सहज आत गेलो, कुठलंही नवं हॉटेल दिसलं की आत डोकावायची सवय अजून गेलेली नाही. पोहे मागवले. ताटली आली, मधे खड्डा, खड्ड्यात लाल कट. माझा हात तिथंच थांबला.

गल्ल्यावर चाळिशी ओलांडलेली बाई होती. आणि आतल्या बाजूला खुर्चीवर एक म्हातारी कढीपत्त्याची पानं देठावरनं ओरबाडून टोपलीत टाकत होती. मी कडेनं खायला सुरुवात केली. थोड्या वेळानं म्हातारीचा आवाज आला.

"कुठलं म्हणायचं पावणं?"

"बारामतीकडचा."

"बारामतीकडं कुठं?"

"पणदरे," मी म्हणालो. पणदऱ्यात माझं कुणीही नाही.

"अस्सं," ती म्हणाली आणि पानं काढत राहिली. "कडंनं खाताय. आमच्याकडची पोरं सगळी मधनंच घालत्यात चमचा." मग तिनं गल्ल्याकडं बघून हाक मारली, "रेखा, पावण्यांना चहा दे गं. भजी नगं देऊ, त्यास्नी सोसत न्हाईत."

भज्यांचं मी नावही काढलं नव्हतं.

तिनं मला ओळखलं की म्हातारपणाची काहीतरी बडबड होती, हे मला विचारता आलं नाही. मी तिथं अजून जातो, महिन्यातनं एक-दोनदा. बाहेरच्या टेबलाशी, रस्त्यावरनं दिसेल असा बसतो. तात्या नव्वदीला टेकलेत, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत, सकाळी काठी टेकत डेअरीच्या ओट्यावर येऊन बसतात. त्यांच्याबरोबर त्या दिवशी होते त्यांतले पाच-सहाजण अजून येतात. त्यांच्यासमोर उभं राहून, मान न हलवता, तोंडानं सांगायचं आहे की सुमनमावशी खरं बोलत होती, त्या सकाळी तिनं मला नुसता चहा दिला होता. आणि मग इंदापूरला जाऊन, सांगून आलो म्हणून तिला सांगायचं आहे. ती ऐंशीच्या पुढची आहे. यातलं मी अजून एकही केलेलं नाही.